घोड्याच्या पायातले गोटे

स्पॅनिश सरदार पेद्रो दे मेंदोसा याने १५३६ साली ला प्लाता नदीकाठी ब्युनॉस आयर्सची पहिली वसाहत मांडली. आसपासचे केरांदी लोक आधी अन्न पुरवत होते. मग बिनसले आणि लढाई जुंपली. स्पॅनिशांची सगळी भिस्त घोड्यांवर. केरांदींनी दोरीला बांधलेले दगडी गोटे फेकले, ते घोड्यांच्या पायांत गुरफटले आणि स्वार आडवे झाले. मेंदोसाचा भाऊ दिएगो तिथेच मारला गेला. फौजेतला बव्हेरियन शिपाई उलरिख श्मिडल याने हे लिहून ठेवले.

हत्यार मात्र फार जुने होते. घोडा येण्याच्या कितीतरी आधीपासून इथले शिकारी पायी पाठलाग करत लामासारखा ग्वानाको आणि शहामृगासारखा न्यांदू पक्षी याच गोट्यांनी पाडत.

पुढे पंपासच्या गवताळ सपाटीवर मोकाट गुरे वाढली, त्यांच्यामागे गाउचो गुराखी आला आणि त्याने ज्या स्थानिक लोकांशी वैर धरले त्यांचेच हत्यार उचलले. हेच बोलेआदोरास. न्यांदूसाठी दोन गोटे, घोड्या-गुरांसाठी तीन. कातड्यात मढवलेले आणि चामडी वादीने जोडलेले. सर्वांत लहान गोटा मुठीत धरायचा, उरलेले दोन डोक्यावर गरगर फिरवायचे आणि सोडायचे. गोफणीतून दगड सुटतो, इथे वादीही त्याच्याबरोबर जाते आणि पायांना वेढे घालते. जनावर जायबंदी होऊ नये म्हणून लाकडी गोटेही वापरत.

चार्ल्स डार्विनला १८३३ मध्ये याचा मोह पडला. खरी कठीण गोष्ट भरधाव घोड्यावरून नेम धरण्याची, हे त्याने नोंदवले आहे. तो स्वतः सराव करत असताना एक गोटा झुडपाला लागला, खाली पडला आणि त्याच्याच घोड्याच्या मागच्या पायाला वेढा पडला. घोडा मुरलेला, म्हणून निभावले. गाउचो पोट धरून हसले. त्यांनी तऱ्हेतऱ्हेची जनावरे पकडलेली पाहिली होती, स्वतःलाच पकडणारा माणूस पहिलाच.

जनरल होसे मारिया पास याला मात्र हसण्याची सोय नव्हती. अर्जेंटिनाच्या यादवीत १८३१ साली शत्रूची तुकडी आपलीच समजून तो जवळ गेला. परत फिरेपर्यंत बोलेआदोरासने त्याचा घोडा पाडला. एवढा कसलेला सेनापती, पुढची आठेक वर्षे कैदेत. एका फेकीने साऱ्या यादवीचे पारडे झुकले, असे म्हणायला हरकत नाही.

या हत्याराचा घास घेतला तो तारेने. १८४५ च्या सुमारास रिचर्ड न्यूटन या इंग्रज जमीनदाराने चास्कोमूसजवळ तारेचे कुंपण घातले आणि पुढच्या काही दशकांत पंपास कप्प्याकप्प्यांत वाटला गेला. बांधलेल्या रानात पाठलाग कोण करणार? गुरे दावणीत आली, गाउचो पगारी नोकर झाला.

आता बोलेआदोरास गाउचोंच्या मालांबो नाचात दिसतात. नर्तक दोन्ही हातांनी ती फिरवतो आणि गोटे लाकडी रंगमंचावर आपटून टाचांच्या ठेक्याला साथ देतो. शिकणाऱ्यांच्या नडग्यांवर आणि कपाळावर टेंगळे अजूनही येतात.