कर्नल अधिकारी : एका व्यवस्थापकाची कारकीर्द

इंग्लंडमध्यें धंदेवाईक फुटबॉल खेळणाऱ्या मनुष्याचें आयुष्य पुष्कळदां दोन खंडांत विभागलेलें आढळतें. पहिल्या खंडांत तो स्वतः खेळतो. दुसऱ्या खंडांत व्यवस्थापक होऊन इतरांस खेळवितो. ॲल्फ रॅम्से हे इंग्लंडतर्फे ३२ आंतरराष्ट्रीय सामने खेळले; परंतु त्यांचें नांव आज घेतलें जातें तें १९६६ सालीं जगज्जेत्या ठरलेल्या इंग्लिश संघाचे व्यवस्थापक म्हणून. महाराष्ट्रांत या प्रकारच्या कारकीर्दीचें उदाहरण शोधूं गेल्यास फुटबॉल सोडून क्रिकेटकडे वळावें लागतें, आणि तेथें चटकन् डोळ्यांपुढें येतें तें लेफ्टनंट कर्नल हेमचंद्र रामचंद्र, उर्फ हेमू, अधिकारी यांचें नांव.

अधिकारी यांचा जन्म पुणें येथें ३१ जुलै १९१९ रोजीं झाला. रणजी करंडकाच्या सामन्यांत ते प्रथम गुजरात व पुढें बडोदें या संघांकडून खेळले. ऐन उमेदीच्या वयांत महायुद्ध उद्भवलें, कसोटी सामने बंद पडले, आणि पहिला कसोटी सामना खेळावयास मिळाला तेव्हां त्यांस २८ वर्षें पूर्ण झालीं होतीं. तो सामना १९४७ सालीं ऑस्ट्रेलियांत ब्रिस्बेन येथें झाला. १९५९ पर्यंत त्यांनीं २१ कसोटी सामन्यांत ८७२ धांवा केल्या व एकच शतक काढलें. केवळ हे आंकडे पाहिले, तर हजारे, मर्चंट किंवा मंकड यांच्या पंक्तींत त्यांस कोणी बसविणार नाहीं. आणि तें योग्यच आहे.

मात्र संघ अडचणींत असतां उपयोगीं पडणें हा त्यांच्या खेळाचा विशेष होता. पाकिस्तानशीं आपला पहिला कसोटी सामना १९५२ च्या ऑक्टोबरांत दिल्लीस झाला. भारताचे नऊ गडी २६३ धांवांत बाद झाले असतां अधिकारी व गुलाम अहमद यांनीं शेवटच्या जोडीस १०९ धांवांची भर घातली. अधिकारी ८१ धांवांवर नाबाद राहिले. शेवटच्या जोडीचा तो भारतीय विक्रम २००४ सालापर्यंत अबाधित होता. पुढें १९५८-५९ सालीं वेस्ट इंडीजचा संघ आला, तेव्हां आमच्याकडे असा गोंधळ उडाला कीं, पांच सामन्यांत चार कर्णधार झाले. उम्रीगर, गुलाम अहमद आणि मंकड यांच्यानंतर दिल्लीच्या शेवटच्या सामन्यासाठीं अधिकारी यांस पाचारण करण्यांत आलें. वय ३९, समोर हॉल आणि गिलख्रिस्ट यांच्यासारखे भयंकर वेगवान गोलंदाज. तशा स्थितींत त्यांनीं ६३ व ४० धांवा काढल्या, तीन गडी बाद केले आणि सामना अनिर्णित राखला. मालिका त्यापूर्वींच हातची गेली होती. तोच त्यांचा अखेरचा कसोटी सामना ठरला.

याच काळांत लष्करी नोकरींत असल्यामुळें ते सर्व्हिसेस संघाचें नेतृत्व करीत. मुंबईच्या संघाप्रमाणें नामांकित फलंदाजांची रांग त्या संघाजवळ नव्हती. तरीही १९५६-५७ व १९५७-५८ अशीं दोन वर्षें तो रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोंचला. एकदां मुंबईनें व एकदां बडोद्यानें त्याचा पराभव केला. परंतु मध्यम प्रतीचे खेळाडू शिस्तीच्या बळावर कोठवर जाऊं शकतात, याचा अनुभव अधिकारी यांस येथें मिळाला असला पाहिजे. त्यांच्या पुढील कार्याचें बीज याच अनुभवांत दिसतें.

दौऱ्यावर जाणारा व्यवस्थापक म्हणजे तिकिटें, हॉटेलें आणि भत्ते यांचा हिशेब ठेवणारा गृहस्थ, अशी आपल्याकडे पूर्वीं समजूत होती. १९७१ सालीं अजित वाडेकर यांचा संघ इंग्लंडला निघाला तेव्हां अधिकारी त्याचे व्यवस्थापक झाले, आणि त्यांनीं शिक्षकाचें कामही अंगावर घेतलें. स्वतः ते कव्हरच्या जागेवरील उत्कृष्ट क्षेत्ररक्षक होते. त्यामुळें शारीरिक तयारी व झेलांचा सराव यांविषयीं त्यांचा कटाक्ष असे. यांत केवळ लष्करी हौस नव्हती. त्या संघाची सारी भिस्त चंद्रशेखर, बेदी, वेंकटराघवन यांसारख्या फिरकी गोलंदाजांवर होती. असा गोलंदाज त्रिफळे थोडे उडवितो; त्याचे पुष्कळ बळी फलंदाजाच्या निकट उभ्या असलेल्या माणसाच्या हातांत पडतात. ते हात कच्चे असतील, तर गोलंदाजाची कला व्यर्थ जाते.

२४ ऑगस्ट १९७१ रोजीं ओव्हलच्या मैदानावर भारतानें चार गडी राखून विजय मिळविला. इंग्लंडच्या भूमीवरील तो आपला पहिला कसोटी विजय, व त्यानेंच मालिकाही जिंकली गेली. चंद्रशेखर यांनीं ३८ धांवांत सहा गडी बाद केले, इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धांवांत आटोपला. त्यांतील फ्लेचर आणि नॉट यांचे झेल एकनाथ सोलकर यांनीं फलंदाजाच्या अगदीं पुढ्यांत उभें राहून घेतले. बळी गोलंदाजाच्या नांवावर जमा होतो, झेल घेणाऱ्याचेंही नांव छापलें जातें. त्या हातांकडून रोज सराव करवून घेणाऱ्यासाठीं मात्र धांवपत्रकांत रकाना नसतो.

येथवर येऊन थांबलों, तर हें चरित्र न राहतां स्तोत्र होईल. १९७४ सालीं तेच कर्णधार आणि तेच व्यवस्थापक पुनः इंग्लंडला गेले व तिन्ही कसोटी सामने हरले. लॉर्ड्सच्या मैदानावर दुसऱ्या डावांत आपला संघ अवघ्या ४२ धांवांत गारद झाला. शिस्त तीच होती; मग फळ निराळें कां? १९७१ चे सामने जुलै-ऑगस्टमध्यें झाले होते. १९७४ चे जून व जुलैच्या आरंभीं. त्या थंड, ओलसर हवेंत चेंडू हवेंत वळतो, आणि आर्नोल्ड व ओल्ड यांनीं त्याचा पुरेपूर फायदा घेतला. शिवाय संघांत मनें दुभंगलीं होतीं. शिस्तीनें हात तयार होतात. मनें जुळतातच असें नाहीं. उलट, १९७१ सालीं मँचेस्टरला अखेरच्या दिवशीं पाऊस आला नसता, तर भारताचा पराभव होण्याचाच संभव अधिक होता, हेंही प्रामाणिकपणें नमूद केलें पाहिजे.

म्हणून व्यवस्थापकाचें मोजमाप एका दौऱ्याच्या जयापजयावर करणें रास्त नव्हे. अधिकारी यांचें चिरस्थायी कार्य पाहावयाचें तर तें त्यांच्या प्रशिक्षण शिबिरांत पाहिलें पाहिजे. सुनील गावसकर व कपिल देव यांच्यासारख्या खेळाडूंस त्यांच्या शिकवणीचा लाभ झाला. आणि १९८३ सालीं कपिल देव यांच्या नेतृत्वाखालीं भारतानें विश्वचषक जिंकला. त्या यशाचें श्रेय खेळणाऱ्यांचें. परंतु चपळ क्षेत्ररक्षण हा खेळाचा निम्मा भाग आहे, हा संस्कार अधिकारी यांच्यासारख्यांनीं वर्षानुवर्षें केला होता.

येथें कपिलधारेस मन्मथस्वामींच्या समाधीपुढें नमणारा भाविक गुरूचें नांव आधीं घेतो, शिष्यपरंपरेचें मागाहून. खेळाच्या जगांत हा क्रम उलटा असतो. २५ ऑक्टोबर २००३ रोजीं मुंबईंत अधिकारी यांचें निधन झालें, तेव्हां त्यांच्या शिष्यांचीं नांवें घरोघर पोंचलीं होतीं. आपल्या क्रीडेतिहासाचें लेखन पुढेंमागें कोणी साक्षेपानें हातीं घेईल, त्यानें धांवपत्रकाबाहेरील अशा माणसांसाठींही एक प्रकरण राखून ठेवावें.