मंद डोळ्यांची नऊ घराणी

चालताना तोल जाणे, हात कापणे, जीभ जड होणे आणि हे सारे एकाच घरात पुन्हा पुन्हा दिसणे, अशा आजारांच्या भारतातील अभ्यासात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाचे स्थान मोठे आहे. ते ज्यांच्यामुळे मिळाले त्यांत डॉ. नोशीर वाडिया (१९२५–२०१६) यांचे नाव आधी घ्यावे लागते. सुरतेत जन्मलेले वाडिया ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले, लंडनला मेंदूविकारतज्ज्ञ रसेल ब्रेन यांच्या हाताखाली काम करून परतले आणि १९५७ मध्ये त्यांनी जे. जे.त मेंदूविकार विभाग उभा केला. सीटी स्कॅन तेव्हा कुठेच नव्हता. रोग्याला नीट पाहणे आणि त्याच्या घरच्यांना खोदून विचारणे, एवढाच आधार होता.

पहिले मोठे काम विल्सनच्या आजारावर झाले. या आजारात शरीरातले तांबे बाहेर टाकले जात नाही. ते यकृतात आणि मेंदूत साचते, बुबुळाच्या कडेला तपकिरी कडे उमटते. आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच तो होतो, त्यामुळे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल असलेल्या घरांत त्याचा संभव वाढतो. जे. जे.तील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. दराब दस्तूर, मंघाणी आणि वाडिया यांनी १९६८ मध्ये हा आजार असलेल्या १६ कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला.

वाडियांची खरी ओळख मात्र १९७१ ची. डॉ. स्वामी यांच्यासह त्यांनी ‘ब्रेन’ या नियतकालिकात नऊ कुटुंबांची हकिकत मांडली. लहान मेंदू झिजून तोल जाण्याचे आनुवंशिक आजार एकोणिसाव्या शतकापासून माहीत होते. जर्मन डॉक्टर फ्रीडराइख यांचे वर्णन १८६३ चे. या नऊ घरांतल्या रोग्यांचे वेगळेपण डोळ्यांत होते. डॉक्टरांनी एका हाताचे बोट डावीकडे, दुसऱ्या हाताचे उजवीकडे धरून ‘इकडे बघा, आता तिकडे’ म्हटले की निरोगी नजर क्षणात तिथे पोहोचते. या रोग्यांची नजर सरपटत जाई. पापणी मिटून किंवा मान वळवून ते तिला मदत करत. मेंदूच्या देठात नजरेला झटका देणाऱ्या पेशी असतात, त्या झिजल्याचा हा परिणाम. हाता-पायांच्या प्रतिक्षिप्त क्रियाही मंदावलेल्या असत. हा आजार पिढी चुकवत नाही: एका पालकाला असला तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी.

आजार असा पिढ्यानपिढ्या उतरतो हे ठरवायला वंशावळ लागते, आणि वंशावळी आपल्याकडे काही दुर्मीळ नव्हेत. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत कुळाच्या कितीतरी पिढ्या सापडतात. पण तिथे कोण कोणाचा मुलगा आणि कधी येऊन गेला ते असते. चाळिशीत कोणाची चाल बिघडली ते नसते. ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडूनच काढावे लागते, आणि लग्नाच्या मुली असलेल्या घरात त्यावर सहज कोणी बोलत नाही.

वाडियांच्या निरीक्षणाला प्रयोगशाळेचा दुजोरा मिळायला पाव शतक लागले. क्यूबातील ओल्गीन भागात याच आजाराची घराणी मोठ्या संख्येने होती. त्यांच्या रक्तावरून १९९३ मध्ये दोष बाराव्या गुणसूत्रावर असल्याचे कळले आणि १९९६ मध्ये तीन गटांनी एकाच वेळी जनुक शोधले. त्यात जनुकाच्या लिपीतील सी-ए-जी ही तीन अक्षरे नेहमीपेक्षा जास्त वेळा लिहिली जातात. संख्या जितकी मोठी तितका आजार लवकर सुरू होतो. पुढच्या पिढीत ती वाढू शकते, म्हणून वडिलांना पन्नाशीत झालेला आजार मुलाला तिशीत गाठू शकतो. आजाराला ‘एससीए-२’ असे नाव पडले. १९९८ मध्ये वाडियांनी सहा भारतीय घराण्यांत हाच दोष असल्याचे दाखवून मंद नजरेचे निदानातील महत्त्व पुन्हा मांडले. शोध बोटांच्या तपासणीचा, जनुकाने त्यावर शिक्का मारला, असेच म्हणावे लागेल. भारत सरकारने २०१२ मध्ये त्यांना पद्मभूषण दिले.

उपचारांत मात्र या दोन आजारांचे नशीब वेगळे निघाले. एससीए-२ ची झीज थांबवणारे औषध अद्याप नाही. व्यायाम आणि वाचोपचार यांवरच भर राहतो. विल्सनच्या आजारावर तांबे बाहेर काढणारी औषधे १९५० च्या दशकापासून आहेत आणि लवकर सुरू केल्यास ती उपयोगी पडतात. म्हणून तरुण वयात हात कापू लागले किंवा बोलणे अडखळू लागले तर तांब्याची तपासणी आधी करून घ्यावी, आणि आजार निघाल्यास त्या रोग्याच्या सख्ख्या भावंडांचीही.