दोन अर्धभागांची कसोटी

इमारत गार कशी राखावी, हा प्रश्न हैदराबादसारख्या नगराला नवा नाही. जाड भिंती, उंच छते, वारा खेळवणारे चौक आणि ऊन गाळून घेणाऱ्या जाळ्या ही त्याची जुनी उत्तरे होत. पुढे काचेची उंच कार्यालये आली आणि ही उत्तरे विस्मृतीत गेली. आत शिरलेली उष्णता बाहेर काढण्याचा सारा भार विजेच्या यंत्रांवर पडला.

त्या जुन्या उत्तरांची आठवण याच नगरात पुन्हा जागी झाली. जुलै २००४ मध्ये राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते तेथील सोराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरचे उद्घाटन झाले. बडोद्याचे वास्तुविशारद करण ग्रोव्हर यांनी या वास्तूत मधला चौक, जाळ्या, गच्चीवरील हिरवळ आणि आत येणारी हवा आधीच निववणारे दोन मनोरे यांची योजना केली होती. प्लॅटिनम हे सर्वोच्च हरित मानांकन मिळवणारी ती भारतातील पहिली इमारत. २००७ साली केंद्र सरकारने व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन संहिताही जाहीर केली. तथापि आराखड्यात मांडलेली बचत प्रत्यक्षात किती उतरते, ही शंका उरलीच. दोन इमारतींची तुलना करावी, तर एकीवर ऊन अधिक, दुसरीत माणसे अधिक. मग बचतीचे श्रेय नेमके कशाला द्यावे?

या शंकेचे निरसन करणारा प्रयोग हैदराबादजवळ पोचारम येथे झाला. २०११ साली इन्फोसिसने तेथे उभारलेल्या एका कार्यालयाचे दोन समान अर्धभाग योजण्यात आले. भिंती, खिडक्या, छाया, सारे सारखे. एका भागात नेहमीप्रमाणे थंड हवा खेळवली, तीही उत्तम यंत्रणेने. दुसऱ्या भागात काँक्रीटच्या छतांत नळ्या पुरून त्यांतून गार पाणी फिरवले. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी हजारो पटींनी अधिक उष्णता वाहून नेते. त्यामुळे मोठमोठे पंखे फिरवण्याची वीज वाचते. मात्र हवा दमट असली, तर गार छतावर दव धरण्याचे भय असते. म्हणून श्वसनासाठी लागणारी ताजी हवा निराळ्या वाटेने, कोरडी करून आत सोडण्यात आली.

दोन्ही भागांच्या वीजवापराची नोंद स्वतंत्रपणे ठेवली गेली. दोन वर्षांच्या नोंदींवरून असे दिसून आले, की पाण्याने निववलेल्या भागाला वातानुकूलनासाठी सुमारे एकतृतीयांश वीज कमी लागली. उभारणीचा खर्चही अधिक आला नव्हता.

नळ्यांची ही युक्ती जगाला पूर्वीच ठाऊक होती. पोचारमने ती एकाच छपराखाली तोलून दाखवली. इमारत एकदाच बांधली जाते, पण तिचे विजेचे देणे अनेक दशके दरमहा येत राहते. ते देणे पुढील पिढीच्या माथी मारण्यापूर्वी मापकाची साक्ष काढणे, हे बांधणाऱ्याचे कर्तव्यच होय.