संगणकीय प्रकल्पांचं जतन : प्रत, नोंद आणि समज

आजचा विषय जाहीर झाल्यावर काही मंडळींनी आम्हाला विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाचं संगणकाच्या फायलींशी काय काम? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आमच्या विभागातल्या एका कपाटापासून सुरू होतं.

नव्वदच्या दशकात आमच्या एका तरुण सहकाऱ्यानं अंतर्गत परीक्षेचे निकाल लावणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. आम्ही त्याच्या तीन फ्लॉपी करून तीन ठिकाणी ठेवल्या, लेबलं चिकटवली, तारीख घातली. पुढे तो सहकारी दुसरीकडे गेला. काही वर्षांनी परीक्षेचे नियम बदलले आणि प्रोग्रॅममध्ये दुरुस्ती करायची वेळ आली. फ्लॉपी उघडल्या, फायली शाबूत होत्या. पण एका ओळीत एका विषयाच्या गुणांतून दोन वजा केलेले दिसले. का? कोणालाच सांगता येईना. ओळ काढावी तर भीती, ठेवावी तर भीती. शेवटी प्रोग्रॅम बाजूला ठेवला आणि निकाल हातानं लावला.

तीन प्रती असूनही आम्ही नेमकं काय जपलं होतं, हा आजचा प्रश्न.

आधी प्रतींचा इतिहास पाहू. १९९८ साल. पिक्सारमध्ये 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचं काम चालू होतं. हा चित्रपट म्हणजे संगणकावरच्या हजारो फायली. एके दिवशी कोणीतरी चुकीच्या ठिकाणी फायली पुसण्याची आज्ञा दिली. वुडी या पात्राच्या फायली लोकांच्या डोळ्यांदेखत एकेक करून नाहीशा होऊ लागल्या. यंत्राची वायर उपटा, असा फोन गेला, तोवर चित्रपटाचा बहुतेक भाग पुसला गेला होता. बॅकअप होता की! पण तो बरेच दिवस नीट होतच नव्हता, आणि परत उतरवून कोणी पाहिला नव्हता. वाचवलं ते एका योगायोगानं. गेलिन सुझमन या तंत्रप्रमुख बाईंचं बाळ लहान होतं, म्हणून त्या घरून काम करत आणि चित्रपटाची एक प्रत त्यांच्या घरच्या संगणकावर होती. तो संगणक चादरींत गुंडाळून गाडीतून कचेरीत आणला गेला.

आता तुम्ही म्हणाल, ही जुनी गोष्ट झाली. तर ३१ जानेवारी २०१७ कडे या. गिटलॅब ही जगभरच्या प्रोग्रॅमरांचे प्रकल्प सांभाळणारी कंपनी, म्हणजे जतन हाच तिचा धंदा. रात्री उशिरा काम करणाऱ्या एका अभियंत्यानं दुय्यम समजून मुख्य यंत्रावरचा डेटाबेस पुसायला घेतला. चूक लक्षात येईपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम ४.५ जीबी उरलं होतं. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या. भरवशाची एकही निघाली नाही. एक पद्धत डेटाबेसच्या दोन आवृत्त्या न जुळल्यामुळे बंद पडलेली होती. तसा इशारा देणाऱ्या ईमेल निघत होत्या, पण त्या पोचतच नव्हत्या. शेवटी त्याच अभियंत्यानं सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी काढलेली एक प्रत उपयोगी पडली. कंपनीनं काहीही लपवलं नाही. दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं आणि नंतर सगळा प्रकार लिहून प्रसिद्ध केला. हे आम्हाला फार मोलाचं वाटतं.

दोन्ही गोष्टींतून एकच निघतं. जी प्रत परत उतरवून पाहिलेली नाही, ती आहे असं आपण फक्त मानत असतो. मानणं आणि माहीत असणं यांतला फरक आम्ही चाळीस वर्षं वर्गात शिकवला, पण फ्लॉपीच्या बाबतीत मात्र विसरलो.

गिटलॅबच्या घटनेत आणखी एक बारकावा आहे. लोकांनी लिहिलेला कोड वाचला होता, कारण तो दुसरीकडे साठवलेला होता. त्या सहा तासांतलं जे गेलं, त्यात कोडभोवतीची चर्चा होती : कोणी काय शंका काढली, कोणी काय उत्तर दिलं. म्हणजे काय केलं ते उरलं, आणि का केलं त्यातला काही भाग गेला.

या 'का'चाही इतिहास आहे. १९७२ साली बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी कोडच्या सगळ्या आवृत्त्या सांभाळणारी एक प्रणाली तयार केली. १९७५ च्या आपल्या निबंधात त्यांनी तिचा हेतू सांगितला. प्रत्येक बदल कोणी केला, कधी केला, कुठे केला आणि का केला, याची नोंद राहावी. त्यानंतर अशा अनेक प्रणाली आल्या. २००५ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी 'गिट' लिहिलं. त्यात प्रकल्पाची पूर्ण प्रत घेणाऱ्या प्रत्येकाकडे त्याचा सगळा इतिहासही येतो. हिंजवडीत किंवा बंगळुरात नोकरी करणारी आपली मुलं-नातवंडं रोज हेच वापरतात.

गंमत बघा, कोण, कधी आणि कुठे, हे यंत्र स्वतःहून लिहून घेतं. 'का' मात्र माणसाला लिहावं लागतं. आणि माणूस लिहितो काय? 'दुरुस्ती केली.' संध्याकाळी घरी जायची घाई असते, दुसरं काय!

'का' लिहिलेला असला तर काय होतं, याचं उदाहरण चंद्रावरचं आहे. अपोलो यानांच्या संगणकातला प्रोग्रॅम अक्षरशः विणलेला होता. कारखान्यातल्या बायका बारीक चुंबकी कड्यांतून तार ओवत. तार कड्यातून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. अशी सुमारे ३६ हजार शब्दांची 'दोरी' यानात बसवली जाई. त्या दोरीतून आकडे परत वाचता येतात. पण प्रोग्रॅमरांनी ओळीशेजारी लिहिलेले शेरे दोरीत उतरत नाहीत. ते फक्त कागदावर छापलेले असतात. एमआयटी या संस्थेच्या संग्रहालयात ते कागद राहिले. पुढे स्वयंसेवकांनी त्यांच्या छायाप्रतींवरून सगळा प्रोग्रॅम टंकून काढला आणि आज तो कोणालाही वाचता येतो. अपोलो ११ च्या चंद्रावर उतरण्याच्या गणितात दोन ओळींशेजारी शेरा आहे, त्याचा भावार्थ असा, की हे तात्पुरतं आहे, निदान तशी आशा आहे. ती आशा काही पुरी झाली नाही. जुलै १९६९ मध्ये त्या ओळी तशाच चंद्रापर्यंत गेल्या.

म्हणजे भरपूर लिहून ठेवलं की झालं? इथे आम्हाला डेन्मार्कचे पीटर नाउर आठवतात. संगणकशास्त्रातले मोठे नाव. २००५ चं ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळालं. १९८५ च्या एका निबंधात त्यांनी सांगितलं, की प्रोग्रॅम लिहिणं म्हणजे मजकूर तयार करणं नव्हे, ती डोक्यात एक समज उभी करणं आहे. त्यांनी दिलेलं उदाहरण असं. एका गटानं एक कंपायलर लिहिला. दुसऱ्या गटाला तो वाढवायचा होता. त्यांना सगळा कोड दिला, सविस्तर कागदपत्रं दिली. तरी त्यांनी सुचवलेले बदल मूळ रचनेला सोडून होते. पहिल्या गटाला ते लगेच दिसलं आणि रचनेत आधीपासून असलेले सोपे मार्ग त्यांनी दाखवले. पुढच्या वर्षांत पहिल्या गटाच्या मार्गदर्शनाविना इतरांनी ठिगळं लावली आणि ती रचना निकामी झाली. नाउर यांचा निष्कर्ष असा, की समज असलेली माणसं पांगली की प्रोग्रॅम मरतो, फायली कितीही सुरक्षित असोत.

या विचारासाठी त्यांनी आधार घेतला तो गिल्बर्ट राइल यांचा, म्हणजे आमच्या विषयातल्या माणसाचा. राइल यांनी १९४९ साली दाखवून दिलं, की एखादी गोष्ट माहीत असणं वेगळं आणि ती करता येणं वेगळं. पोहण्याचं पुस्तक पाठ करून पोहता येत नाही.

तरीही नाउर यांच्याशी आमचं थोडं भांडण आहे. अपोलोच्या स्वयंसेवकांपैकी बहुतेक जण मूळ गटातले नव्हते. तरी कित्येक दशकांनंतर त्यांनी तो प्रोग्रॅम आजच्या संगणकांवर चालवून दाखवला. त्यांच्यापाशी शेरे होते, तेव्हाची कागदपत्रं होती, आणि मूळ अभियंत्यांपैकी काही जण हयात होते, त्यांनी मदतही केली. लिखाणातून समज पूर्ण पोचत नाही हे खरं. पण कुठे शोधायचं आणि कोणाला विचारायचं, हे त्यातून कळतं. हे काही थोडं नाही.

उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर, एका बंद कोळसाखाणीत, २०२० साली गिटहब कंपनीनं जगभरचा खुला कोड १८६ फिल्म-रिळांवर ठेवला. त्यासोबत डोळ्यांनी वाचता येईल अशी मार्गदर्शिका आहे, पाच भाषांत. त्यातली एक हिंदी, म्हणजे आपली देवनागरीही तिथे पोचली आहे. हजार वर्षांचा बेत करणाऱ्यांनाही सोबत साध्या भाषेतली चिठ्ठी ठेवावीशी वाटली.

तेव्हा तीन साध्या गोष्टी. महिन्यातून एकदा बॅकअपमधली एखादी फाइल खरोखर परत उतरवून पाहा. बदल करताना 'का' एका वाक्यात लिहा. तात्पुरता असेल तर कधी काढायचा तेही लिहा. आणि काम सोडून जाणाऱ्या माणसाला निरोपाचा नारळ देण्याआधी पुढच्या माणसाशेजारी चार दिवस बसवा.

राहिली ती वजाबाकीची ओळ. आमचा तो सहकारी बऱ्याच वर्षांनी एका लग्नात भेटला. विचारलं. त्याला लगेच आठवलं. एका वर्षी एक प्रश्न चुकीचा छापला गेला, म्हणून त्याचे दोन गुण सर्वांना द्यायचं ठरलं. काही प्राध्यापकांनी ते उत्तरपत्रिकेवरच दिले आणि प्रोग्रॅमनंही दिले. ते दुबार होऊ नयेत म्हणून त्यानं ती ओळ घातली. पुढच्या वर्षी गुण देणारी ओळ त्यानं काढली. वजा करणारी काढायची राहून गेली.

म्हणजे नंतरच्या मुलांचे दोन गुण दरवर्षी गेले. किती जणांचे, आणि त्यामुळे कोणाचं काय हुकलं, हे आता शोधता येणार नाही, कारण उत्तरपत्रिका केव्हाच रद्दीत गेल्या. फ्लॉपी मात्र अजून आमच्याकडे आहेत, तिन्ही.

आता आपण प्रश्नांकडे वळू.