देवीकोट्ट्याचा सौदा

कुंभकोणमजवळच्या तिरुविडैमरुदूर येथे तंजावरचे पदच्युत राजे अमरसिंह १८०२ साली वारले. त्यांना तेथवर आणणारी वाट अर्धशतकापूर्वीच पडली होती, असे आम्हांस वाटते.

भाऊबंदकीने तंजावरची गादी खिळखिळी झाली होती. पदच्युत शहाजीने १७४९ साली प्रतापसिंहाविरुद्ध इंग्रजांकडे कुमक मागितली. मोबदला म्हणून युद्धखर्च आणि कोळ्ळिडम नदीच्या मुखावरचा देवीकोट्टा किल्ला देऊ केला. रयत आपल्यासाठी उठेल, अशीही ग्वाही दिली. कंपनीच्या तागडीत वारसाहक्काहून किल्ला जड ठरला. कॅप्टन कोपची पहिली मोहीम फसली. शहाजीसाठी कोणीही उठले नाही. तरी इंग्रज परतले, ते किल्ल्यासाठी! मेजर लॉरेन्सने तो जिंकला. हल्ल्यात तरुण क्लाइव्हही होता. मग त्यांनी प्रतापसिंहाशीच तह केला. किल्ला व ९,००० पागोड्यांचा मुलूख कंपनीला, शहाजीला सालिना ४,००० रुपये!

पुढे १७८७ साली, दत्तक सरफोजींना डावलून, कंपनीनेच अमरसिंहांना गादीवर बसविले आणि १७९८ साली उतरविले. सरफोजी राजे झाले. पुढच्याच वर्षी, १७९९ च्या तहाने, राज्यकारभार कंपनीकडे गेला.