ट्रेकवरचा कचरा खाली कोण आणणार?
हरिश्चंद्रगडावर घंटागाडी जात नाही. पाचनई किंवा खिरेश्वरच्या वाटेने वर नेलेली प्रत्येक वस्तू कुणीतरी पाठीवरूनच खाली आणावी लागते.

वेफर्सचं पाकीट कुजत नाही. त्यात अनेकदा प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, म्हणून ते रिसायकल करणंही अवघड. पावसात असा कचरा वाहत ओढ्यांत आणि गडावरच्या पाण्याच्या टाक्यांत जातो. ट्रेकर्स यातल्याच काही टाक्यांचं पाणी पितात. उष्ट्याच्या वासाने गुरं आणि माकडं प्लास्टिकही खातात.

मग करायचं काय?
▪ खाऊ घरूनच डब्यात भरून न्या.
▪ सॅकमध्ये कचऱ्यासाठी रिकामी पिशवी ठेवा.
▪ ट्रेकच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वेळ-ठिकाणासोबत एक ओळ टाका: ‘आपला कचरा आपल्याच सॅकमधून खाली.’