दसरा चौकातली ताटं

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी शिकायला गाव सोडणाऱ्या पोरापुढं पहिला प्रश्न फीचा नसायचा. जेवायचं कुठं, हा असायचा. ब्राह्मणाचा गरीब मुलगा कोल्हापुरात किंवा पुण्यात आला की वार लावून जेवायचा, सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. वार कमी पडले तर मधुकरी. त्यात हाल होते, कुणाकुणाचं बोलणंही ऐकून घ्यावं लागायचं, पण समाजानं मानलेली ती एक सोय होती. आमच्या शिरोळकडच्या जैन शेतकऱ्याच्या पोराला, मराठ्याच्या, लिंगायताच्या, मुसलमानाच्या पोराला असा वार कोण देणार? महारा-मांगाच्या पोराला तर उंबराच बंद. म्हणून कोल्हापूरच्या बोर्डिंगांचा इतिहास मी नेहमी स्वयंपाकघराच्या बाजूनं वाचतो. देणग्या, इमारती, पायाभरणीचे दगड हे सगळं नंतरचं.

शाहू महाराजांनी आधी सगळ्यांसाठी एकच वसतिगृह करून पाहिलं होतं. १८९६ साली राजाराम कॉलेजला जोडून ते निघालं आणि थोड्याच वर्षांत तिथं ब्राह्मण विद्यार्थीच काय ते उरले. कारभार ज्यांच्या हातात, पंगत त्यांच्या रीतीची. बाकीची पोरं न भांडताच गळाली. महाराजांनी मग दुसरा रस्ता धरला. १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग, त्याच साली जैनांचं, १९०६ मध्ये मुसलमानांचं, मग लिंगायतांचं, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. पुढं शिंपी, दैवज्ञ, सारस्वत, ख्रिस्ती, ढोर-चांभार. मुसलमानांच्या शिक्षणसंस्थेचं अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडं घेतलं, कुराणाचं मराठी भाषांतर व्हावं म्हणून पदरचा पैसाही घातला.

जातवार बोर्डिंगं काढून तुम्ही जात पक्की करताय, हा आक्षेप महाराजांच्या हयातीतच झाला आणि आजही परिसंवादात कुणीतरी उठून तो घेतोच. मला तो पुस्तकी वाटतो. खेड्यातली आई पोराला परगावी धाडताना एकच विचारायची: तिथं शिजवतंय कोण? त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय पोरगं वेशीबाहेर पडत नव्हतं.

मी दसरा चौकातल्या दिगंबर जैन बोर्डिंगात राहून शिकलो. आवारातच बसदी. सकाळी अंघोळ, दर्शन, मग नाष्टा. कांदा, लसूण, बटाटा नाही. पाणी फडक्यातून गाळलेलं. आणि संध्याकाळचं जेवण दिवस मावळायच्या आत. हा शेवटचा नियम कॉलेजच्या पोराला फार जड जातो. क्रिकेट ऐन रंगात आलेलं असायचं आणि आचारी घंटा बडवायचा. डाव टाकून पळालं नाही तर रात्र शेंगा-गुळावर.

चौकातच मुस्लिम बोर्डिंग. तिथल्या एकाशी माझी गट्टी जमली होती. १९७६ साली आमचं दशलक्षण पर्व आणि त्यांचा रमजान एकाच वेळी आले, वर गणपतीही. संध्याकाळी दोन्ही बोर्डिंगांतली पोरं पश्चिमेकडं नजर लावून. दिवस बुडायच्या आत आमची ताटं घासून पालथी पडायची, बुडाला की त्यांची मांडायला सुरुवात. मित्र म्हणायचा, "पाटला, तुझं तोंड बंद झालं की माझं उघडतंय. आपण दोघं मिळून एक माणूस पोटभर जेवतोय बघ." सहरीला उठला की तो आमच्या खिडकीखाली येऊन मला हाक मारायचा. पहाटेचा अभ्यास मला एरवी कधी जमला नाही. त्या वर्षीचं माझं अर्थशास्त्र त्याच्या रोज्यांवर सुटलं. आपापला धर्म नीट पाळणारी पोरं एकमेकांची वेळ फार चांगली सांभाळतात, हे मी तिथं पाहिलं. न पाळणारी उशिरापर्यंत झोपायची.

आमच्या याच जैन बोर्डिंगातून भाऊराव पाटलांना, म्हणजे पुढच्या कर्मवीरांना, बाहेर पडावं लागलं होतं. ती गोष्ट आज्ज्यानं मला बोर्डिंगात पोचवायला येताना एस्टीत सांगितली. भाऊराव आमच्याच भागातले, कुंभोजचे. मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला ते गेले. परत आल्यावर अधीक्षक अण्णासाहेब लठ्ठ्यांनी फर्मावलं, अंघोळ करा आणि मगच जेवायला बसा. भाऊरावांनी अंघोळ करायचं साफ नाकारलं. बोर्डिंग सुटलं, आसरा दिला तो महाराजांनी.

आता लठ्ठे म्हणजे कुणी कर्मठ शास्त्रीबुवा नव्हते. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या संस्थापकांतले ते एक, ब्राह्मणेतर चळवळीतले पुढारी, पुढं १९३७ च्या मुंबई मंत्रिमंडळात अर्थमंत्री. शिकलेला, सुधारणेचा माणूस. पण जेवणघराच्या दारात अडला. पालक पोरं काढून नेतील आणि उभं राहिलेलं बोर्डिंग बसेल, ही धास्ती त्यामागं असावी असं मला वाटतं. त्यानं भाऊरावांवरचा अन्याय कमी होत नाही. 'शिजवतंय कोण' याचं उत्तर जातवार बोर्डिंगांनी चोख दिलं. 'शेजारी बसतंय कोण' हा प्रश्न बाजूला ठेवूनच त्यांचा जम बसला होता.

तो अंगावर घेतला भाऊरावांनी. १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यात बोर्डिंग काढलं. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, सगळी पोरं एका पंगतीला. १९२७ मध्ये गांधीजी तिथं येऊन गेले आणि 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' हे नाव त्यांच्या हस्ते लागलं. पैशाची मात्र कायम ओढाताण. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळं-ओवळं पाळणाऱ्या जैन घरात वाढलेल्या. कुणाच्या हातचं चालतं, कुणाच्या नाही, हे लहानपणापासून अंगी मुरलेलं. त्याच बाईनं या पोरांच्या ताटात भाकरी पडावी म्हणून एकेक दागिना काढून दिला आणि एका अडचणीच्या वेळी मंगळसूत्रही. भाऊरावांचा नकार एका दुपारचा होता. लक्ष्मीबाईंना रोज चुलीपुढं बसून स्वतःशी झगडावं लागलं असेल. १९३० मध्ये त्या गेल्या. त्यांच्यावर लिहिलं गेलं ते फारच थोडं.

आणि लठ्ठे? भाऊरावांनी साताऱ्यात बोर्डिंग काढलं त्याच १९२४ साली लठ्ठ्यांनी लिहिलेलं शाहू महाराजांचं इंग्रजी चरित्र बाहेर पडलं. आज्ज्याच्या तोंडी दोघांचंही नाव आदरानंच यायचं, पण कौतुक जास्त भाऊरावांचं. एस्टी हातकणंगल्याच्या पुढं आली तेव्हा मी त्याला विचारलं, "एवढं हाय तर मला सातारला का नाही घातलंस?"

"तिथं आमटीत कांदा घालत्यात," आज्जा म्हणाला.